पायवाटेवरून फेकलेली चौकट

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, मित्रांनो. फोटोची नाही हं! चार पट्ट्या, चार खिळे आणि मधे नुसती हवा. मला ठोकताना सुताराने विचारलं, "हिच्यात बसवायचं काय?" बाई म्हणाल्या, "जमीन."

बाई वनस्पतींच्या अभ्यासक. त्या मला टेकडीवर फेकत आणि मी पडेन तिथली रोपं गुडघे टेकून मोजत. एकदा माझ्या एवढ्याशा पोटात एकवीस जाती निघाल्या! मी थक्कच झाले. पायाखाली एवढं जग असतं आणि माणसं खुशाल त्यावरून चालतात.

पुढे परदेशातून आलेलं पिवळ्या फुलांचं झुडूप टेकडीवर पसरलं. माझ्यात जाती कमी भरू लागल्या. नऊ, पाच, दोन. "हे सगळं गिळणार," बाई म्हणाल्या. त्यांच्या शब्दावर गावाने झुडूप मुळासकट उपटायचं ठरवलं. मधमाश्या पाळणारे काका कळवळले, "माझ्या माश्या त्यावरच जगतात हो!" बाईंची भाचीही शास्त्रज्ञ. ती म्हणाली, "मावशी, नुकसान तू म्हणतेस तेवढं नाही." झालं! दोघींचा अबोला.

उपटायच्या आदल्या दिवशी भाची आली. "मावशी, चौकट कुठून फेकतेस?"

"पायवाटेवरून. वीस वर्षं."

"अगं, पायवाटेलाच तर हे माजतं. आत कधी गेलीस?"

बाईंचा चेहरा उतरला. मग दोघी फांद्या सारत आत शिरल्या. ओढ्याकाठी झुडपाखाली माझ्यात दुसरं एकही रोप नव्हतं. "बघ!" बाई म्हणाल्या. वरच्या उतारावर मात्र झुडपाच्या सावलीत अठरा जाती होत्या. त्यांत एक इवलंसं निळं फूल होतं. बाईंनीच ते 'संपलं' म्हणून लिहिलं होतं. त्या पालथ्या पडून बघत राहिल्या. "अगं बाई, तू आहेस होय!" त्यांचा श्वास माझ्या पट्टीला लागत होता. काय सांगू, मलाही भरून आलं.

संध्याकाळी भरसभेत बाई उभ्या राहिल्या. "मी पायवाट मोजली. टेकडी मोजलीच नाही." कोणीतरी फिदीफिदी हसलं. बाई बसल्या नाहीत. अखेर ओढ्याकाठचं झुडूप तेवढं काढायचं ठरलं. मावशी-भाची अजून कडाकडा भांडतात, पण आता माझ्या दोन बाजूंना गुडघे टेकून.

माझे खिळे गंजलेत. तरी मला कपाटात जपून ठेवा असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. मला लांब फेका, आणि पडेन तिथे स्वतः या.