डाव्या पायाची रिबन

शनिवारी सकाळी गाडीत बसेपर्यंत मी वन्संना तीनदा सांगून पाहिलं, की माझं डोकं दुखतंय. वन्सं म्हणजे माझी नणंद, निवृत्त शिक्षिका, आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी तिन्ही वेळा पर्समधून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"वहिनी, तिकिटं तिच्या कंपनीनं पाठवलीत. तीन वर्षांनी तोच बॅले पुन्हा लावलाय. आईच गेली नाही तर बरं दिसेल का?"

"कुणाला बरं दिसायचंय?"

"मला," त्या म्हणाल्या आणि खिडकीची जागा पटकावली.

तिच्या कंपनीनं म्हणजे माझ्या मुलीच्या नाचाच्या कंपनीनं. घरात आम्ही तिला टाचणी म्हणायचो, बारीक आणि टोकदार म्हणून. मी शिवणकाम करते, चाळीस वर्षं झाली. टाचणी मोठ्या शहरात बॅलेत नाचायची. तालमीच्या दिवशी रंगमंचामागच्या लोखंडी जिन्यावरून पडली आणि दोन दिवसांत गेली. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, वन्संनाही नाही.

बॅलेतल्या पोरींचा एक नियम असतो. बुटाला घोट्याशी बांधायची रिबन जिची तिनंच शिवायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. टाचणी मला बजावायची, "आई, तू हात लावायचा नाहीस हं. कुठं आवळायचं ते माझ्या पायालाच कळतं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लोकांच्या लग्नाचे कपडे शिवणारी मी, मला चार पट्ट्या शिवता येत नाहीत? शेवटची घरी आली तेव्हा दुपारी झोपली होती. नवे बूट टेबलावर पडलेले. मी दुहेरी दोऱ्यानं दोन्ही बुटांच्या रिबनी शिवून टाकल्या. तिनं उठून पाहिलं आणि म्हणाली, "आई गं, काय करू मी तुझं!" गाडीची वेळ झाली होती. बूट पिशवीत कोंबले आणि पळाली. त्यानंतरच्याच बुधवारी पडली.

दवाखान्यात नर्सनं तिच्या वस्तू यादी वाचून ताब्यात दिल्या. "बूट एक, उजवा." डावा नव्हताच. मला काय समजायचं ते समजलं. माझी शिवण सुटली, बूट पायातून निघाला आणि पोरगी गेली. ती पिशवी मी गाठही न सोडता माळ्यावर टाकली.

नवे बूट मऊ करायला टाचणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ते आपटायची. टक, टक. ती गेल्यावर महिन्याभरानं दुपारी साडेतीनला जिन्यातून तोच आवाज आला. टक, टक. मी जिन्याचं दार लावलं आणि रेडिओ मोठा केला. तेव्हापासून रोज तेच.

"लाकूड आहे, उन्हानं तडकतं," वन्सं म्हणायच्या.

"रोज साडेतीनलाच?"

"ऊनही रोजच पडतं."

आता गाडी सिग्नलला थांबली. पंखे बंद, डबा चिडीचूप. माझ्या पाठीमागच्या बाकाखालून आलं, टक, टक.

"ऐकलंत?"

"काय?" वन्संनी पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही तिघी चाललो होतो, दुसरं काय.

दुपारी अडीचला खेळ सुरू झाला. पहिला अंक मी कसाबसा काढला. दुसऱ्या अंकात पांढऱ्या झग्यातल्या मेलेल्या पोरी नाचतात. निवडायला यांना दुसरा खेळ सापडला नाही! चोवीस पोरी रांगेनं आल्या. लोक म्हणे संगीतात हरवले होते, वन्सं तर रुमाल काढून बसलेल्या. मला फक्त बूट ऐकू येत होते. एकदम अठ्ठेचाळीस बूट फळ्यांवर टेकायचे. डावीकडून तिसरी जागा टाचणीची. तिथं आता दुसरीच पोर होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, घोट्यापाशी रिबन घट्ट आहे ना एवढंच पाहत राहिले. नाचाबिचाचं मला काय! इथं आवाज मोठा करायला रेडिओही नव्हता.

खेळ संपल्यावर कपडेपटाच्या बाई आम्हाला आत घेऊन गेल्या. गळ्यात टेप, कॉलरला सुया, म्हणजे माझ्याच जातकुळीतल्या. त्यांनी कपाटातून एक खोका काढला.

"हा इथंच राहिला होता. पाठवायचं धाडस झालं नाही हो."

आत एक बूट होता, डावा.

मी तो उलटासुलटा करून पाहिला, डोळे धंद्याचे. दुहेरी दोरा, बारीक टाका, माझीच शिवण. चारही बाजूंनी शाबूत. एक टाका हललेला नव्हता. रिबन मात्र वर घोट्यापाशी तिरकी कापलेली होती. ती तुटली नव्हती, कुणीतरी कात्री चालवली होती.

"हे कुणी कापलं?"

"मीच. घोटा सुजला होता, गाठ काही केल्या सुटेना. पायरीवर पाणी सांडलेलं, त्यावरून घसरली बिचारी. उजवा लगेच निघाला. तो तिनं उसवून पुन्हा स्वतः शिवला होता. मी म्हटलं, हाही उसव, नियम आहे. तर म्हणाली, राहू द्या, एक माझा आणि एक आईचा."

मी बूट घेऊन तिथंच जमिनीवर बसले. वन्संनी विचारलं, "वहिनी, काय झालं?" तेव्हा तीन वर्षांचं सगळं भडाभडा बाहेर पडलं, त्या परक्या बाईसमोर, लटकत्या झग्यांच्या खाली. वन्सं एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

रविवारी दुपारी तीनला आम्ही घरी पोचलो. मी चपलाही काढल्या नाहीत. रेडिओचा प्लग ओढून काढला, जिन्याचं दार सताड उघडलं आणि तो बूट मांडीवर घेऊन तिसऱ्या पायरीवर बसले.

साडेतीन वाजले. मग पावणेचार. बाहेर ऊन चांगलं कडक होतं, पण जिना गप्प. मी कान देऊन बसले, श्वाससुद्धा जपून घेत होते.

मला वाटलं होतं, ती जाब विचारायला येते. खरं तर पोर आपली नेहमीसारखी बूट आपटायला येत होती, आईच्या घरी. आणि मी तिच्या तोंडावर दार लावून गाणी ऐकत बसले. तीन वर्षं, रोज.

चार वाजता वन्सं खालून आल्या. "आला आवाज?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं.

"उद्या येईल," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.