माझ्या कमरेचा तांबडा पट्टा

मी एक जुने झाड आहे, मांसिनीलचे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐका, पण जरा लांब बसून ऐका.

सेंट लुशिया बेटावर आन्स गालॅ नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे वाळू संपते आणि माती सुरू होते, त्या जागी मी उभे आहे. माझे बी लाटांनी आणले. खाऱ्या वाऱ्यात मी वाढले. माझी पाने चकचकीत हिरवी आहेत. फळे लहानशा सफरचंदासारखी, पिकली की गोड वास सुटतो. पण सालीपासून देठापर्यंत माझ्या अंगात दुधासारखा चीक आहे. तो कातडीला लागला की फोड येतात, डोळ्यात गेला की दिसेनासे होते. फळ पहिल्या घासाला गोड लागते, मग घसा आवळत जातो. मी हे मुद्दाम करत नाही. मी असेच घडले आहे.

तरी गावाने मला राखले. वादळात समुद्र चाल करून येतो, तेव्हा माझी मुळे किनारा धरून ठेवतात. "ते उभं आहे म्हणून आपल्या चुली कोरड्या आहेत," असे म्हाताऱ्या बायका म्हणत. ते ऐकून मला बरे वाटे.

जूनच्या अखेरीस कोळ्यांचा सण येतो. पाद्रीबाबा होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. त्याआधी होड्यांना नवा रंग लागतो, आणि उरलेला तांबडा रंग माझा असतो. किनाऱ्यावर मासे भाजून विकणारी मा ऑर्टान्स लांब काठीला ब्रश बांधून माझ्या कमरेला जाड पट्टा ओढायची. तांबडा पट्टा म्हणजे लांब राहा. बदामाच्या झाडांना मुले झोके बांधत. माझ्या वाट्याला तेवढा पट्टा येई, आणि मला तो पुरे होता.

या वर्षी सणाला पाहुण्यांची मोठी बोट यायची होती. मा ऑर्टान्सचा धाकटा भाऊ गॅस्टन सणाच्या मंडळाचा प्रमुख. त्याने किनाऱ्यावरच्या साऱ्या बुंध्यांना चुना फासला. नारळांना, बदामांना आणि मलाही.

"गॅस्टन, मेल्या, पट्टा कुठाय?" मा ऑर्टान्स कडाडली.

"ताई, पाहुणे फोटो काढणार. मध्येच तो तांबडा डाग, जणू कोणाचा खून झालाय. आणि हे झाड माहीत नाही असा गावात आहे कोण?"

"पाहुणे काय तुझ्या गावात जन्मलेत?"

"सण होऊ दे, मग रंगवतो. तू आधी मासे बघ, करपतायत. पाहुणे काही कोळसा खायला येत नाहीत."

"मग होडीचा उरलेला रंग दे. मीच ओढते."

"थेंब नाही उरला. माझ्या होडीला दोनदा लावला."

सगळे हसले. मी पांढरे होऊन उभे राहिले, इतर झाडांसारखेच दिसू लागले.

सणाच्या दिवशी ढोल वाजत होते, नीरफणस भाजले जात होते. आणि भर दुपारी काळे आभाळ फुटले. लोक छपरांकडे पळाले. एक पाहुणा मात्र आपल्या लहान मुलीला घेऊन जवळच्या झाडाखाली शिरला. ते झाड मी होते.

माझ्या पानांवरून पाणी चीक घेऊन खाली ठिबकू लागले.

"बाबा, सफरचंद!" मुलीने वाळूतले फळ उचलले.

"धुऊन खा हं," बाप हसत म्हणाला. तिने ते पावसात धरले, नीट धुतले आणि चावले.

मला ओरडता येत नाही. फांद्या हलल्या असत्या तर आणखी थेंब पडले असते.

मा ऑर्टान्सने चुलीजवळून पाहिले. चिमटा टाकून ती धावली आणि तिने फटक्याने फळ उडवले. "थुंक! गिळू नकोस, थुंक!"

"अहो बाई, एका फळासाठी पोरीवर हात टाकता?"

"फळासाठी नाही हो, पोरीसाठी! आधी बाहेर व्हा इथून!"

छपराखाली पोहोचेपर्यंत बापाची मान खाजू लागली, मग खांद्यांवर फोड उठले. मुलीचे ओठ सुजले. ती काही सांगू पाहत होती आणि आवाज फुटत नव्हता. ढोल थांबले. गॅस्टनने तिला गाडीत घालून इस्पितळात नेले. ती वाचली. पण कितीतरी दिवस तिला घोटभर पाणी गिळवत नव्हते.

दुसऱ्या सकाळी गॅस्टन कुऱ्हाड घेऊन आला.

"तोड," मा ऑर्टान्स म्हणाली. "चीक तुझ्या डोळ्यात उडेल. जाळशील, तर धूर साऱ्या गावाच्या डोळ्यात जाईल. आणि वादळात समुद्र आत आला की तू आडवा पड."

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. मग शहरातून तांबड्या रंगाचा डबा आणून पट्टा ओढला. पण मित्रांनो, भुसभुशीत चुन्यावर रंग धरत नाही. दोन पावसांत त्याचे पापुद्रे निघाले. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा गळला. चुना खरवडावा, तर सालीतून चीक येतो. आता रोज पाहुणे येतात. मा ऑर्टान्स चुलीजवळून पाहत असते, पण धुरात तिला दर वेळी नीट दिसत नाही.

म्हणून कळकळीने सांगते. परक्या किनाऱ्यावर जाल, तेव्हा सावलीत बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी, कोणी विचारायची वाट न पाहता, सांगा. पट्टे पुसू नका. झाडाला हाक मारता येत नाही.

आत्ताही कोणीतरी आपला ओला टॉवेल माझ्या फांदीवर वाळत घालतो आहे.