आठ दिवसांची बाजू

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब एका दिवसात झाला, असं प्लॅनिंगवाल्या साहेबाच्या शीटमध्ये लिहिलेलं होतं. झाला होता म्हणे! अर्धा झाला आणि मिक्सरनं मान टाकली. दोन मिक्सर आणा म्हणून स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभारणारा सेंटरिंगचा मिस्त्री घसा फोडून सांगत होता. पण भाडं वाचवायला साहेबानं एकच आणला, तोही खटारा. उरलेला अर्धा स्लॅब पडला सहा दिवसांनी. शीटमध्ये मात्र ओळ एकच, तारीखही एकच.

त्या तारखेपासून आज चौदावा दिवस. स्लॅबला खालून पेलणारे लोखंडी टेकू आज काढायचे आणि दुसऱ्या साइटवर धाडायचे, असं शीट म्हणत होतं. ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला होता.

"डाव्या बाजूचे खुशाल न्या, साहेब," मिस्त्री म्हणाला. "उजवी बाजू आठच दिवसांची आहे. कच्ची आहे. तिथल्या टेकूंना हात लावायचा नाही."

"मिस्त्री, टेकूंचं भाडं रोज चढतंय. आधी का नाही सांगितलंत?"

"तीनदा सांगितलं!"

"लेखी दिलं होतं का?"

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शहाणा एकदा तरी जिना चढून वर गेला असता, तर लेखी कशाला लागलं असतं? वर पाणी साठवायला सिमेंटचे बोटभर उंच बांध घालून वाफे केले होते. डावीकडचे कोरडे, उजवीकडचे पाण्यानं काठोकाठ. आंधळ्यालाही कळलं असतं. ते पाणी मिस्त्रीच्या बायकोचं. स्लॅबवर पाणी मारायचं काम तिच्याकडं होतं. गेल्या आठवड्यात साहेबानं "स्लॅब तर झाला, आता बाई कशाला?" म्हणून शीटमधली तिची ओळ खोडली आणि तिला विटा वाहायला लावलं. पण ती कसली ऐकतेय! जेवणाच्या सुट्टीत चार घास पोटात ढकलून ती वर पळायची.

"अगं, फुकट कशाला मरतेस?" मिस्त्री करवादायचा.

"अर्ध्याला पाजलं आणि अर्ध्याला तहानलेलं ठेवलं, हे मला नाही बघवत," ती म्हणायची.

मिस्त्री काही हलेना, तेव्हा साहेबानं ट्रकवरच्या हमालाला हाक मारली आणि उजवीकडचा कडेचा टेकू दाखवला. हमालानं घण उचलला, पण त्याला तरी अक्कल होती. "वर कोणी आहे का?" त्यानं विचारलं.

साहेबानं मान वर केली नाही. शीटवरून बोट फिरवलं. "कोणी नाही. ठोक."

मिस्त्री धावेपर्यंत दोन घाव बसले. टेकू बोटभर सरकला. तेवढ्यात नळाच्या पाइपसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकातून पाण्याची धार आली, ती नेमकी साहेबाच्या शीटवर. पाठोपाठ वरून आवाज आला, "अहो, खाली कोण ठोकतंय? पाणी थरथरतंय इथं!"

जेवणाची सुट्टी कधी झाली, ते भांडणाच्या भरात मिस्त्रीला कळलंच नव्हतं. त्याच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं घण हिसकावून लांब फेकला. "खाली ये! डाव्या बाजूनं ये, पळ!" ओरडत त्यानं सरकलेला टेकू जागेवर ढकलून त्याचा आटा पुन्हा घट्ट पिळला.

ती जिन्यानं उतरून आली. साडीची कड ओली, हातात पाइप तसाच. साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पण... ही बाई वर कशी? शीटमध्ये तर..."

"शीटमध्ये नाही म्हणून जिवंतही नाही का हो?" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला की फाटकापाशी ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "तिला तुम्ही खोडलंत, साहेब! आणि मग तिच्या पायाखालचं काढायला निघालात!"

साहेबानं खिशातून पेन काढलं. ओल्या कागदावर ते उमटेना. "मी... मी दोन ओळी करतो. दोन तारखा लिहितो."

"त्या नंतर लिहा," मिस्त्री म्हणाला. "आधी लिहा, वर माणूस आहे."