मीठवालीचा डबा

पाकिटातलं तयार सूप बनवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा वर्षं ती मिठाच्या काट्यावर उभी होती. खरं नाव हजेरीच्या वहीत राहिलं आणि सगळ्यांच्या तोंडी ती मीठवालीच झाली. एकेका कढईत माणूस उभा मावेल, आणि प्रत्येक कढईचं मीठ तिच्याच हातून जाणार. हात असा बसलेला की काटा नुसती मान डोलवायचा. पलीकडे पाकिटं बंद करायच्या मशीनवर तिची नणंद. नणंदेची जीभ मशीनपेक्षा वेगात चाले.

एके दिवशी काट्यापाशीच मीठवालीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पुन्हा गुंडाळला.

"जेवणात मीठ किती घेता?"

"चिमूटभर. घरात सगळ्यांत कमी माझंच."

"आणि तयार, पाकिटातलं काही?"

मीठवालीनं मनात पाकिटं मोजली. कारखाना दर महिन्याला कामगारांना खोकंभर पाकिटं फुकट देई. त्यातलं दुपारी एक ती पिई, संध्याकाळी एक. घरातला गॅस तिच्यासाठी पेटायचा तो पाकिटातलं सूप गरम करण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते तिलाच जमणार होतं. एका कढईचं मीठ तिला पाठ, एका कढईतून निघणारी पाकिटं नणंदेला पाठ. भागाकार केला, आणि एका पाकिटाच्या वाट्याचं मीठ तोलून तिनं कागदावर ओतलं. पांढरीशुभ्र ढिगुली, निवांत बसलेली. पोती पोती मीठ तोललं, पण एका पोटाचं मीठ तिनं कधी तोललं नव्हतं. घरी चिमटीनं वाचवलेलं इथं ओंजळीनं आत जात होतं.

त्या दिवसापासून सकाळी तिची सुरी बोलू लागली. भोपळ्याची पाठ टणक, तिला जोर हवा. काकडीला नुसता धाक पुरे. मटाराच्या शेंगा फुटायच्या आणि दाणे ताटभर पळायचे, शाळा सुटल्यासारखे.

"आपल्या घरात शेळी कधी आली?" नवऱ्यानं विचारलं.

"आलीय ती आलीय. आता शिंगंही बघाल."

नणंद तर कारखान्यात डबा उघडायची वाटच पाहत असे. टेबलावर बोटांनी ताल धरून गायची:

"वहिनी गं बाई माझी, रानातली हरणी,
मीठ तोलून पाला खाते, बघा तिची करणी!"

"वन्सं, पाल्याला नावं ठेवा, पण गाजर उचलू नका," मीठवाली म्हणायची, कारण गाताना नणंदेचा हात डब्यात असायचा.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग आला चवीचा दिवस. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी माल घेणारे पाहुणे येत, आणि त्यांच्यादेखत सगळ्या कामगारांनी जेवणाच्या खोलीत कारखान्याचं सूप पिऊन रिकामा वाडगा टेबलावर उलटा घालायचा, अशी रीत होती.

मुकादम सकाळीच काट्यापाशी आला. "मीठवाल्या बाई, आज शेळीपालन घरी ठेवा. वाडगा उलटा दिसला पाहिजे. नाहीतर सोमवारपासून कढया घासायला."

कढया घासणं म्हणजे गुडघाभर बूट, अंगभर वाफ आणि दिवसभर कंबरेत वाकणं. शिवाय काटा जाणार. अकरा वर्षांत तिच्या हाताला लोक मानत आले होते ते त्या काट्यामुळं.

दुपारी वाडगे वाढले गेले. वास असा सुटला की तिच्या जिभेनं लगेच फितुरी केली. तिनं वाडगा बाजूला सरकवला आणि डबा उघडला. भाजलेला भोपळा, उकडलेलं अंडं, काकडी, मूठभर मटार.

"वहिनी, वेडी आहेस का?" नणंद कुजबुजली. तिच्या आवाजात आता गाणं नव्हतं. "दोन घोट घे, उरलेलं माझ्या वाडग्यात ओत. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

एक पाहुण्या बाई वाडगा हातात घेऊन तिच्यापाशी थांबल्या. "तुम्हाला सूप आवडत नाही का?"

"आवडतं की! तेच तर वाईट आहे." मीठवालीनं डब्याचं झाकण उलटं केलं, टेबलावरची मिठाची बरणी उचलली आणि न मोजता, नुसत्या हातानं, एका पाकिटाचं मीठ झाकणात ओतलं. "यात मीठ मीच घालते, बाई. एकाच्या वाट्याला एवढं येतं. हे डोळ्यांसमोर आलं आणि माझा घास अडला. माझं रक्त आधीच उड्या मारतंय."

पाहुण्या बाईंचा चमचा वाडग्यातच राहिला. मुकादम मोठ्यानं हसला. "आमच्या बाई भारी गमत्या!"

"गंमत काट्यावर चढवून बघा, मुकादम. जड भरेल."

आणि तिनं काकडी खाल्ली. खोलीत चमचे थबकलेले, त्यामुळं कुरकुर आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

सोमवारी तिनं बूट चढवले. पहिल्या दिवशी कंबर रडली, दुसऱ्या दिवशी खांदे. बुधवारी तिकडे काट्यावर नव्या माणसाच्या हातून दोन कढया खारट झाल्या. त्या गटारात ओताव्या लागल्या आणि घासायला तिच्याकडेच आल्या.

गुरुवारी मुकादम वाफेतून वाट काढत आला. मीठवाली आडव्या केलेल्या कढईत शिरलेली, बाहेर दिसत होते फक्त बूट.

"बाई, काट्याला तुमचाच हात पाहिजे," तो बुटांना म्हणाला. "पुढच्या चवीच्या दिवशी पिऊ नका हवं तर. रिकाम्याच वाडग्याला नुसते ओठ लावा, वाडगा उलटा घाला. लगेच परत या."

कढईच्या तळाशी घासणी क्षणभर थांबली.

"नाही!"

ती साध्याच आवाजात म्हणाली होती, पण कढईनं तो शब्द गरगर फिरवला, मोठा केला आणि चारचारदा बाहेर फेकला. नाही, नाही, नाही. पलीकडचं पाकिटांचं मशीन थांबलं, आणि नणंदेचं खो खो हसू ऐकू आलं.

आत घासणी पुन्हा सुरू झाली.