गुण कोणाच्या हाताचे?

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका, मी रबराचा आहे. कातडीखाली बारीक नळ्या, नळ्यांत लाल पाणी. परिचारिकांच्या शाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. मुली माझ्यावर सुई टोचायला शिकत. सुई शिरेत गेली की सिरिंजमध्ये लाल पाणी येई आणि पूर्ण गुण मिळत.

नवा होतो तेव्हा मी फार कडक होतो. भल्याभल्यांनी माझ्यापुढे हात टेकले. पुढे मात्र सगळ्याच पास होऊ लागल्या. "याचा हातगुण चांगला!" म्हणत मुली मला थोपटत आणि मी फुशारून जाई.

मग एके वर्षी नव्या बाई आल्या. त्यांनी शिकवण्याआधीच परीक्षा ठेवली. म्हणाल्या, "आधी काय येतं ते कळल्याशिवाय मी काय शिकवलं ते कसं कळणार?"

त्या वर्गातल्या एका किडकिडीत मुलीला सगळ्या चिमणी म्हणत. तिला लहान मुलांच्या वॉर्डात काम करायचे होते आणि तिथे या परीक्षेत पास झालेल्यांनाच घेत. जन्मात सुई न धरलेल्या चिमणीने पहिल्याच फटक्यात लाल पाणी काढले.

"अगं, शिकलीस कुठे?"

"कुठेच नाही, बाई. जुनी भोकं दिसली, तिथेच टोचलं."

वर्ग खिदळला. "गप्प बस ना, वेडे! इतकी सोपी परीक्षा पुन्हा मिळायची नाही," मैत्रीण कुजबुजली.

बाईंनी मला उजेडात धरले. "हे गुण तुझ्या हाताचे नाहीत गं. या रबरी हाताचे."

माझी कातडी बदलली. आता चिमणीला शीर सापडेना. वॉर्डात जाणे लांबले, ती रडली, पण रोज माझ्याजवळ येऊन बसू लागली. बोटाने शीर चाचपायला शिकली. शेवटच्या परीक्षेला दोन बाई होत्या. एकमेकींचा कागद न बघता दोघींनी तिला सारखेच गुण दिले.

पुढे एकदा ती वॉर्डातून धावत आली. "बाई, सुई काढली तरी पोर विचारतंय, कधी टोचणार?"

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, कधी मला बाहेर काढलेत, तर आधी माझी कातडी बदला. आणि चुकायचे असेल, तर खुशाल माझ्यावर चुका. मला दुखत नाही.