सोमवारचा शागीर्द

धर्मेंद्र फुलवाल्याला माउथऑर्गनचं वेड लागलं तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता, आणि वेड लागायला हे वय अगदी वाईट. विशीतलं वेड घरचे हसून सोडून देतात. सेहेचाळिशीतलं दिसलं की बायको आधी डॉक्टरला फोन करते आणि मग भावाला. जमुनेनं दोन्ही केलं. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसांना चांगलं आहे. भाऊ म्हणाला, दारूपेक्षा बरं.

अमरावतीत इतवाऱ्याच्या बाजूला त्याचं फुलांचं दुकान. वडिलांनी त्याला बी.एस्सी. होऊ दिलं आणि निकाल लागल्यावर गल्ल्यावर बसवलं. तेव्हापासून लोक त्याला एकाच नावानं ओळखत आले. लग्नाच्या पत्रिकासुद्धा 'श्री. धर्मेंद्र फुलवाले' अशा यायच्या. आपण दुसरंही काही आहोत असं एखाद्या माणसानं चारचौघांत म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती इतकी साधी होती की कुणाला सांगायचीही लाज वाटावी.

अकोल्याला साडूच्या घरी एका समारंभात त्यानं जहीर सरांना ऐकलं. सर उर्दू हायस्कूलमधून निवृत्त झालेले, पदार्थविज्ञान शिकवायचे. हातात मावेल एवढा दहा भोकांचा बाजा, पण त्यातून सूर असा वाकून, घासून, कण्हत यायचा की जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले. पुढच्याच आठवड्यात धर्मेंद्र बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याच्या अकोट फैल वस्तीतल्या त्यांच्या घरी हजर झाला.

"हे कापूस वेचनाऱ्या काळ्या लोकांचं गानं हाये, ब्लूज," सर म्हणाले. "त्याइले मानसात धरत नव्हते. ते दुःख हाये यात. अन् कापसाचं गानं वऱ्हाडात नाई वाजवायचं तर कुठं वाजवायचं?"

धर्मेंद्रचे डोळे भरून आले. खोटं नाही, खरंच भरून आले. सरांना तो तिथंच आवडला, आणि कधी कुणाला न शिकवणाऱ्या माणसानं त्याला दर आठवड्याला यायला सांगितलं. वार कोणता, असं विचारल्यावर धर्मेंद्र पटकन म्हणाला, सोमवार.

सोमवार त्यानं का निवडला, हे त्यानं स्वतःलाही कधी नीट सांगितलं नाही. सोमवारी त्याचा उपास असे. सरांच्या पत्नी कुलसुमबी पहिल्या दिवशी खिचडा घेऊन आल्या तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "भाभी, आज सोमवार." दुसऱ्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी आली. त्यावर तो म्हणाला, माझा उपास फळांवरचा असतो. तिसऱ्या सोमवारपासून कुलसुमबी फक्त केळी आणून ठेवू लागल्या, सालासकट. नवऱ्याच्या आधी त्यांना सगळं कळलं होतं, पण पाहुण्याला तोंडावर बोलायची त्यांच्या घरची रीत नव्हती.

शिक्षण सुरू झालं ते हातापासून. धर्मेंद्र बाजा असा आवळून धरायचा की बोटं पांढरी पडत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ब्लूजमध्ये ती दोन पैशांचीही नाही. सूर आत कोंडून मरतो.

"असा काहून पकडून राहिला बे?" सर हसायचे. "कोंबडी पळून चालली का? डाव्या हाताचं एक बोट वर, अंगठा खाली, बस. उजवा हात मांगून लाव. ओंजळ कर. तू मोगरा कसा धरतो?"

मोगरा म्हटल्यावर त्याला कळलं. पाकळी काळी पडू नये म्हणून फुलं ओंजळीत कशी सैल आणि तरी बंद धरायची, हे त्याचे हात जन्मापासून जाणत होते. पंधरवड्यात पकड जमली. उजवा हात उघडमीट केला की सूर रडायचा, थांबायचा, पुन्हा रडायचा. सर खूश होऊन कुलसुमबींना आतून बोलावून ऐकवायचे.

पण सुराला पोट नव्हतं. पातळ, फुसका, वारा सुटल्यासारखा आवाज. महिने गेले तरी तसाच. सरांनी त्याचा श्वास तपासला, मान तपासली, बसायची पद्धत बदलून पाहिली. मग एका सोमवारी त्यांनी त्याला पाणी पिताना पाहिलं. स्वतःची बाटली वर धरून, तोंड उघडं ठेवून, ओठांना न लावता गटागटा. धर्मेंद्रच्या घरी सगळे तसेच पीत. त्याची आई माणिकबाई लहानपणी पोरांच्या ओठाला भांडं लागलं की पाठीत धपाटा घालायची. उष्टं म्हणजे उष्टं, आपल्या आईचं असलं तरी.

"सापडलं," सर म्हणाले. "तू बाजा बी तसाच वाजवतो. लांबून. ओठाच्या कडेनं. त्याले तोंडात घे ना, पार आतल्या ओल्या ओठापर्यंत. अन् ब्लूज फुंकाचं कमी, ओढाचं जास्त असते. श्वास आत ओढ, पोटापर्यंत जाऊ दे. तुले किळस येऊन राहिली का कायची?"

"नाही सर, सवय नाही."

"तुह्या ह्या प्लास्टिकच्या बाजात दम नाई, म्हनून तुले समजत नाई. हा घे, माझा वाजव."

त्यांनी आपला जुना जर्मन बाजा पुढं केला. आतून लाकडाचा, वरून पत्रा, आणि ओठांनी घासून घासून कडा गुळगुळीत झालेल्या. धर्मेंद्रनं तो ओंजळीत घेतला, अगदी बरोबर पकडीनं. तोंडाजवळ नेला. तिथंच थांबला.

आता या ठिकाणी त्याचा राग येतो. गावातल्या पानटपरीवर पियुष नावाच्या मित्राच्या हातातली अर्धी ओढलेली सिगारेट हाच माणूस रोज ओढायचा. आईच्या धपाट्याची शिस्त तिथं आड येत नसे. ती नेमकी इथंच आड आली, आणि का आली हे त्याला ठाऊक होतं.

"सर, घरी नेऊ का? निवांत सराव करतो," तो म्हणाला.

कुलसुमबी दारातून म्हणाल्या, "कार्यक्रमानंतर द्या ना." ज्येष्ठ कलावंतांच्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता, आणि सर दर वर्षी त्यात हाच बाजा वाजवायचे. पण सरांना ती पोराची ओढ वाटली. ज्या बाजाला त्यांनी स्वतःच्या भावाला हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून याच्या हातावर ठेवला.

"पुढच्या सोमवारी घेऊन ये. अन् ऐक, कार्यक्रमात मी तुले स्टेजवर बोलावतो. एक तुकडा तू वाजवजो. माहा शागीर्द म्हनून नाव घेतो तुहं."

गाडीत धर्मेंद्रला खिडकीतलं काही दिसलं नाही. शागीर्द. तो शब्द त्यानं मनातल्या मनात इतक्यांदा म्हटला की मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आल्यावर त्यानं गॅसवर पाणी तापवलं. हे आरोग्यासाठी आहे, असं तो स्वतःशी म्हणाला. कोरोनानंतर कोण कुणाचं तोंडात घालतं? ठीक आहे, मानू. पाण्यात त्यानं चिमूटभर सोडा टाकला, बाजा बुडवला, हलवला, बाहेर काढला. तेही मानू. पण मग त्यानं देवघरातला तांब्याचा छोटा गडू उचलला आणि गंगेचं पाणी बाजावर शिंपडलं. गंगेच्या पाण्यानं जंतू मरत नाहीत, हे बी.एस्सी. झालेल्या माणसाला माहीत होतं. जमुना स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. "कोनाचा हाये हो तो?" तिनं विचारलं. "सरांचा," तो म्हणाला, आणि ती पोळ्या लाटायला गेली. काय चाललंय ते दोघांनाही समजलं होतं.

मग त्यानं बाजा तोंडात घेतला. पार आतल्या ओल्या ओठापर्यंत. श्वास ओढला.

आणि सूर आला. भरलेला, गोल, खोल, छातीतून उठणारा. ओलं लाकूड फुगून सगळ्या फटी बंद झाल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्याचे ओठही मागं सरले नव्हते. जमुना हात पुसत पुन्हा बाहेर आली. म्हातारी माणिकबाई खाटेवर उठून बसली. "आता मानसासारखं वाजलं," ती म्हणाली. इतकी वर्षं आपण हेच शोधत होतो, असं धर्मेंद्रला वाटलं. त्या संध्याकाळी तो खरोखर सुखी होता.

सकाळी बाजा उचलला तर वाजेना. भोकांमधले लाकडाचे दाते फुगून पत्र्याच्या बाहेर आले होते आणि ओठाला कापत होते. तीन भोकं मुकी झाली होती. त्यानं तो उन्हात ठेवला, तर दुपारी लाकूड तडकलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्याजोगीही ही गोष्ट नव्हती.

सोमवारपर्यंत थांबायचा धीर त्याला झाला नाही. गुरुवारीच तो अकोल्याला गेला. सरांनी फडकं उघडलं, बाजा उजेडाकडं धरला, नखानं लाकूड दाबून पाहिलं.

"बॅगेत पाण्याची बाटली सांडली, सर," धर्मेंद्र म्हणाला. गाडीत पाठ करून ठेवलेलं वाक्य होतं ते.

"बाटलीत गरम पानी होतं का?"

धर्मेंद्र फडक्याची घडी घालू लागला.

"लाकडाचं पॉलिश पांढरं पडलं. थंड्या पान्यानं नाई पडत." सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते त्याच्याकडं पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली त्याला दिसली.

तेवढ्यात कुलसुमबी आतून पोह्याची बशी घेऊन आल्या. वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. त्यांनी बशी त्याच्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "आज तं गुरुवार हाये, भाऊ."

त्यांनी सूड म्हणून म्हटलं की माया म्हणून, हे सांगणं कठीण. धर्मेंद्रनं बशी उचलली. खायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. हे पोहे खाल्ले की सगळं भरून निघेल, असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटत होतं, माणूस असाच मूर्ख असतो. त्यानं चमचा भरला. चमचा तोंडापाशी जाऊन थांबला, आणि ते सरांना दिसलं.

"राहू द्या, धर्मेंद्रभाऊ," सर हळूच म्हणाले. "बाजा धुता आला. हे पोटात गेल्यावर कसं धुसान?"

चमचा बशीत परत ठेवताना आवाज झाला. त्यानं माफी मागितली, म्हणजे ओठ हलवले. नवा आणून देतो, जर्मनीहून मागवतो, असंही म्हणाला. सरांनी मान डोलावली. ते त्याला दारापर्यंत सोडायला आले, त्यांच्या घरची ती रीत होती. पुढच्या सोमवारी ये, असं मात्र म्हणाले नाहीत.

धर्मेंद्र सोमवारी गेला नाही. घरी आपला प्लास्टिकचा बाजा घेऊन बसला आणि वेड्यासारखा सराव करत राहिला. ओठ आत, श्वास पोटात, ओंजळ सैल. सूर आता त्याही बाजातून यायला लागला होता. एकदा शिकलेलं ओठ विसरत नाहीत. सरांनी मला एकदा ऐकलं तर ते विसरतील, असं त्याच्या मनानं घेतलं. मोठी माणसं माफ करतात, असं तो जमुनेला दोनदा म्हणाला. तिनं दोन्ही वेळा जेवायला वाढू का, एवढंच विचारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं गाडी भरून फुलं नेली. निशिगंधाचे हार, गुलाबाचे गुच्छ, स्टेजच्या कडेला शेवंतीच्या माळा. कुणी मागवली नव्हती. मंडळाची माणसं हरखून गेली. सर आले, त्यांनी फुलं पाहिली, त्याला सलाम केला आणि आत गेले. धर्मेंद्र तिसऱ्या रांगेत बसला. शर्टाच्या खिशात बाजा होता.

सर नव्या बाजावर वाजवत होते. तो नवा होता, हे इतरांना कळलं नाही, धर्मेंद्रला कळलं. दोन ठिकाणी सूर वाकता वाकता राहिला आणि सरांनी तो सांभाळून घेतला. टाळ्या पडल्या. सरांनी माइक हातात घेतला, घाम पुसला आणि सभागृहावरून नजर फिरवली. ती तिसऱ्या रांगेवर येऊन थांबली. धर्मेंद्रनं ओठ ओले केले. त्याचा हात खिशाकडं गेला.

"आजचे हे सगळे हार, हे गुच्छ खास अमरावतीहून आलेले आहेत," जहीर सर म्हणाले. "आणणारे इथं बसले आहेत. धर्मेंद्रभाऊ फुलवाले. त्यांनी फार खर्च केला, फार मेहरबानी केली. उभे राहा, भाऊ. लोकांना पाहू द्या."

धर्मेंद्र उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सरांनीही वाजवल्या. तो खाली बसला तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा मागं वळून म्हणाला, "नातीचं लग्न हाये मे महिन्यात. मंडपाचं डेकोरेशन करता का तुमी?"

धर्मेंद्रनं खिशात हात घातला, बाजा बाजूला सारला आणि दुकानाचं कार्ड काढून दिलं.