सहाव्या नावाचा ठोका

मित्रांनो, माझ्या जाळीवर शेजारी शेजारी दोन खोल पोचे आहेत. ते एका मुलीच्या पुढच्या दातांचे आहेत. मी एक जुना माइक आहे, केजच्या तात्याबांच्या मंडप-स्पीकरच्या दुकानातला. माझं बटण बंद असलं की मला काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे माझी गोष्ट मध्ये मध्ये तुटते. तेवढं सांभाळून घ्या.

बटण चालू.

मला कुठे घडवलं ते मला ठाऊक नाही. पहिला आवाज ऐकला तो तात्याबांच्या फुंकरीचा. मग "हॅलो, एक, दोन, तीन." लग्नं, जावळं, बैलांचे लिलाव, सगळं माझ्यातून गेलं. पण माझा मान होता तो साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत. संचालक सुंदरराव विषय वाचायचे, पुढच्या रांगेतले त्यांचे गडी "मंजूर" म्हणायचे. मागून कोणी प्रश्न घेऊन उठला की सुंदरराव मला बंद करायचे. सतरा विषय अकरा मिनिटांत मंजूर झालेले मी ऐकले आहेत. माइक चांगला आहे, असं सगळे म्हणायचे.

बटण बंद.

बटण चालू. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. मी जीपवर होतो आणि तात्याबा माझ्यातून सांगत होते की टँकर एकच आहे, रांग मोडू नका. रांग मोडली. घागरी डोक्यांत बसल्या. एक बाई चिखलात पडली आणि तिच्या हातावर कोणीतरी पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज मी जवळून ऐकला. त्या गोंधळात एका मुलीने पाण्याचं रिकामं पत्र्याचं टिपाड पालथं घातलं आणि ती त्यावर ठोके देत म्हणू लागली:

"टँकर आला, टँकर गेला,
आमच्या घागरीनं धुरळा प्याला."

ती शिवकन्या. ऊसतोडीच्या टोळीत वाढलेली. मोडलेला हात तिच्या आईचा, बायनाबाईचा होता. तात्याबांनी मला तिच्यापुढे धरलं. का धरलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर ती मला तात्याबांकडून मागून न्यायची आणि संध्याकाळी परत आणून द्यायची. चारा छावणीत, केजच्या बाजारात, बीडच्या एसटी स्टँडवर ती रॅप म्हणायची. क्लासची पोरं फोनवर उतरवून घ्यायची. टँकर कुणाच्या फार्महाऊसवर रिकामे होतात, हे तिने गाडीच्या नंबरासकट म्हटलं. त्या आठवड्यात स्टँडवर चौघांनी तिला गाठलं. मी चालू होतो. आधी थप्पड, मग फरशीवर डोकं, मग बूट. बूट मी नऊ मोजले.

पुढच्या रविवारी उजव्या हाताला प्लॅस्टर घालून ती डाव्या हाताने ठोके देत होती.

मग सुंदररावांचा निरोप आला. स्टुडिओ देतो, गाडी देतो, कारखान्याच्या चेअरमन साहेबांवर एक गाणं कर. तिने माझ्यातूनच, भर बाजारात उत्तर दिलं.

"गानं माझं हाय. सायबाला लईच हौस आसंल तर त्यानं सोताचं म्हनावं. टिपाड मी देते."

बाजार हसला. सुंदरराव हसले नाहीत.

बटण बंद. बराच काळ बंद.

मधल्या काळातलं मला तात्याबांच्या बोलण्यातून कळलं. कारखान्याची टोळी घेऊन निघालेली ट्रॉली मांजरसुंब्याच्या घाटात उलटली. सहा जण चिरडले. त्यात बायनाबाई होती. कारखान्याने सांगितलं, माणसं मुकादमाची, आमची नव्हेत. शिवकन्येने अर्ज दिला: सभेच्या श्रद्धांजलीच्या ठरावात ही सहा नावं घ्या. एकदा नावं ठरावात आली की माणसं कारखान्याची ठरतात, हे तिला माहीत होतं. सुंदररावांनाही माहीत होतं.

बटण चालू.

वार्षिक सभा. मंडपात हजारभर सभासद. सुंदररावांनी श्रद्धांजली वाचली. पहिलं नाव चेअरमन साहेबांच्या नुकत्याच वारलेल्या वडिलांचं, मग पुढारी, मग माजी संचालक, आणि शेवटी "ज्ञात-अज्ञात सर्व मृतात्मे". दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगून त्यांनी मला स्टँडवर अडकवलं आणि मान खाली घातली. बटण तसंच राहिलं.

त्या शांततेत पावलं वाजली. तात्याबांच्या वायरी धरायला म्हणून आलेली मुलगी स्टेजवर चढली होती.

"बायनाबाई," ती म्हणाली. पायाने फळीवर एक ठोका. "दगडाबाई." ठोका. "रामकिसन. हरिबा. त्रिंबक."

कोणी हललं नाही. हलणार कसं? साहेबांच्या वडिलांची श्रद्धांजली मोडायची कोणाची छाती होती? सुंदररावांनी तात्याबांना बंद कर, बंद कर, अशा खुणा केल्या म्हणे. तात्याबा डोळे मिटून उभे होते, फार भक्तिभावाने.

ती पाचही नावं पुन्हा पुन्हा आली, दर वेळी जास्त जलद. शेवटी ती थांबली.

"सहावी दगडाबाईची पोर. नऊ दिसांची. बारसं ऱ्हायलंतं."

आणि नावाच्या जागी तिने माझ्या जाळीवर बोटाने ठोका दिला. टक. चार कर्ण्यांतून तो मंडपभर गेला.

दोन मिनिटं संपली. सुंदररावांनी मला हिसकावलं आणि माझ्याच डोक्याने तिच्या तोंडावर मारलं.

मी चालू होतो, मित्रांनो. दात तुटल्याचा आवाज हजार माणसांनी ऐकला. दुसरा घाव. तोही ऐकला. माझ्या जाळीत गरम, ओलं काहीतरी शिरलं. तीन वर्षांत मला लागलेला तो पहिला ओलावा.

आश्रुबा नावाचे एक म्हातारे सभासद होते. दर साली सगळ्यांच्या आधी "मंजूर" म्हणणारे. ते बाकावर चढले. "सुंदरराव," ते म्हणाले, "आधी ती सहा नावं लिवा. मग फुडला इषय."

मग खुर्च्या उडाल्या. बांबू निघाले, स्टेज कोसळलं, पोलिसांच्या काठ्या आल्या. आश्रुबांचा खांदा निखळला. सुंदररावांचं डोकं फुटलं, तेव्हा ते माझ्याशेजारी पडून रडत होते, आणि तेही कर्ण्यांतून सगळ्यांना ऐकू आलं.

बटण बंद.

बटण चालू. ठरावात नावं आली नाहीत. पुढच्या अहवालातही "ज्ञात-अज्ञात" एवढंच छापलं. शिवकन्या गाते. दात गेलेल्या जागेतून तिच्या शब्दांना शीळ लागते आणि रस्त्याच्या पलीकडूनही लोक तिला ओळखतात. मी आता कर्कश झालोय. लग्नवाले मला नाकारतात. जाळी बदला, असं मेकॅनिक म्हणतो. तात्याबा बदलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या हातात माइक आला तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, आपटू नका, आणि कोणी बोलत असताना त्याचं बटण बंद करू नका. आमचं आयुष्य तेवढंच असतं.

तात्याबा आता मला तपासताना एक, दोन, तीन म्हणत नाहीत. कुणाचंही लग्न असो, ते फुंकर मारतात आणि म्हणतात, "बायनाबाई. दगडाबाई. रामकिसन. हरिबा. त्रिंबक."

मग बोटाने, हळूच, टक.